पाचव्या भागातला लोहार

आनारकुलचा चेहरा ओश शहरात फारसा कुणी पाहिलेला नव्हता, पण आवाज घरोघरी माहीत होता. एकोणीस वर्षं तिने तिथल्या रेडिओवरून हवामान, कापूसवेचणीचे आकडे आणि दुखवट्याचे निरोप वाचले. त्यामुळे बाजारात नानच्या भट्टीपाशी उभी राहून ती नुसतं "दोन द्या, जरा खरपूस" म्हणाली, तरी मागची एखादी म्हातारी दचकून विचारायची, "अगं बाई, कोण गेलं?"

रेडिओवरची माणसं कमी केली तेव्हा यादीत तिचं नाव दुसरं होतं. पुढचा महिनाभर ती भांडी विसळताना स्वतःशीच हवामान सांगायची. मग अंधांच्या ग्रंथालयातून बोलावणं आलं. काम सरळ होतं. पुस्तक मोठ्याने वाचायचं, ते ध्वनिमुद्रित व्हायचं, आणि छोट्या मेमरी कार्डावर भरून शहरातल्या, आसपासच्या गावांतल्या अंध वाचकांकडे जायचं. ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे भिंतींना जुने नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे गालिचे ठोकलेली एक कोठी. आत ती, एक टेबल, एक माइक आणि पाण्याचा पेला. काचेपलीकडे कुबात. हा पूर्वी लग्नांमध्ये गाण्याबजावणीचा आवाज सांभाळायचा. चाळिशी उलटलेला, झुपकेदार मिश्यांचा, आणि दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलणारा. तो तिला 'एजे' म्हणायचा, म्हणजे ताई.

घरी ती एकटी. मुलगी मीरगुल लग्न होऊन जवळच्याच जलालाबाद गावी. नवरा ताशमात चौदा वर्षं रशियात, येकातेरिनबुर्गच्या एका पावाच्या कारखान्यात. पूर्वी दर दोन उन्हाळ्यांनी यायचा. गेली पाच वर्षं ते नव्हतं. कधी कागद अडले, कधी कारखान्यात माणूस कमी. फोन मात्र एक रविवार चुकला नाही. दुपारी चारला वाजायचाच. प्रश्न पाच, तेही ठरलेल्या क्रमाने. बरी आहेस ना? थंडी कितपत आहे? मीरगुलचा फोन येतो ना? जर्दाळू कसा आहे? गॅस भरून घेतलास? ती सांगायची, तो प्रत्येक उत्तराला म्हणायचा, "बरं, बरं. फार छान." आणि ठेवायचा.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पित्ताशयात खडे झाले, शस्त्रक्रिया झाली. त्या रविवारी पहिल्याच प्रश्नाला तिने सगळं सांगितलं. टाके किती, दुखतं कसं, डॉक्टरीणबाई काय म्हणाली. ताशमात म्हणाला, "बरं, बरं. फार छान. थंडी कितपत आहे?"

तिने ते 'फार छान' गिळलं. कुणाला सांगितलं नाही. पण गिळलेलं पचलं असं नव्हतं.

आता ड्रॅगनचं. एसेनबाय नावाच्या लेखकाची 'राखखिंड' ही कादंबऱ्यांची मालिका होती. नऊ जाडजूड भाग, सगळे ड्रॅगनचे. डोळस मुलं ती वाचतात आणि आपल्याला कुणी वाचून दाखवत नाही, अशी तक्रार अंध वाचकांनी इतक्यांदा केली की ग्रंथालयाने नऊच्या नऊ भाग आणवले. सगळ्यात जास्त फोन जापार-अतांचे, म्हणजे जापार आजोबांचे. ब्रश बनवण्याच्या कार्यशाळेत पस्तीस वर्षं काढलेला हा म्हातारा. विशीतच डोळे गेलेले. "पोरी, मरायच्या आधी एक ड्रॅगन ऐकव," असं तो तिला दर आठवड्याला ऐकवायचा.

पहिला भाग तिने जीव ओतून वाचला. तोलुबाय नावाच्या मेंढपाळाला बर्फात एक कोमट दगड सापडतो, तो अंडं निघतो, त्यातून काळा ड्रॅगन. मग खिंडीवर स्वारी, सख्ख्या भावाचा दगा, आणि शेवटी ड्रॅगन तळ्याच्या तळाशी जाऊन झोपतो. शेवटच्या पानावर तिने पुस्तक पालथं ठेवून डोळे पुसले. कुबातने तेवढ्यासाठी मुद्रण थांबवलं आणि तिला चहा आणून दिला.

दुसऱ्या भागात मेंढपाळाचं नाव तोलोबेक होतं आणि ड्रॅगन तांबडा होता. बर्फात कोमट दगड सापडला.

"कुबात," ती काच वाजवून म्हणाली, "हे आपण वाचलंय ना रे?"

"नाही एजे. तो काळा होता."

तिसऱ्यात तोक्तोबाय आणि निळा. चौथ्यात तोरोबेक आणि काचेसारखा आरपार दिसणारा. सहाव्यापर्यंत लेखकाचे रंग संपले असावेत, कारण तिथला ड्रॅगन 'पाऊस येईल की न येईल अशा आभाळाच्या रंगाचा' होता. भाऊ दगा द्यायचा. कधी सख्खा, कधी चुलत, एकदा दूधभाऊ. तळं कधी गोठलेलं, कधी उकळतं. प्रत्येक भागात अकराव्या प्रकरणात सगळे शेकोटीभोवती बसायचे आणि कुणीतरी जुनी गोष्ट सांगायचं. एक लोहार तेवढा जवळजवळ सगळीकडे तोच, बेकमुर्झा. भाता ओढणारा, तिरसट, ड्रॅगनलासुद्धा "ए, धूर तिकडे सोड" म्हणणारा. आनारकुलला तो आवडायचा. एवढ्या गर्दीत ओळखीचा एकच माणूस.

चौथ्या भागापासून तिच्या डोक्यात भेसळ सुरू झाली. मिनीबसमध्ये बसली की वाटायचं, आज म्हणजे कालचाच दिवस आहे. कोपऱ्यावरचा समोसेवाला तेच ओरडायचा, जिन्याची तीच पायरी हलायची, कुबात तेच विचारायचा, "गळा कसाय?" एकदा तिने कार्डावर भागाचा क्रमांक चुकीचा सांगितला. एकदा तोरोबेकला दोन पानं तोक्तोबाय म्हणत राहिली आणि कुबातच्याही लक्षात आलं नाही.

"तुझं लक्ष कुठे असतं रे?"

"एजे, खरं सांगू? आता भाऊ येणार हे मला कळतं, मग मी बिया खातो."

पाचवा भाग हिवाळ्यात मुद्रित झाला. सातवा सुरू झाला मार्चमध्ये. त्या सातव्याच्या अकराव्या प्रकरणात ती छान लयीत वाचत होती. खिंडीत शेकोटी पेटली होती, सगळे जमले होते, आणि तिने वाचलं, "तोमोरबेकने लोहाराच्या कोऱ्या कफनाची घडी मांडीवर घेतली."

तिने अर्धं पान आणखी वाचलं आणि मग तिची जीभ थांबली. तोमोरबेक? सातव्यातला तर तोलोमुश. आणि कफन कुणाचं? सातवा भाग मागच्या काळातला होता, त्यात बेकमुर्झा पंचविशीतला, मिसरूड फुटलेला. तो मेला होता पाचव्यात, दहाव्या प्रकरणाच्या शेवटी. मरतानाचं वाक्य तिला पाठ होतं.

"कुबात, थांबव. मला काहीतरी होतंय."

"पाणी?"

"पाणी नको. हे पुस्तक कुठलं आहे ते सांग."

कुबात आत आला. वरचं आवरण पाहिलं, सातवा. पान पाहिलं, एकशे एकसष्ट. मागचं पान एकशे साठ. सगळं जागच्या जागी. कुबातने पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग कुबातचा चेहरा हळूहळू बदलला, आणि मिशीवर अडकलेलं बीचं टरफल खाली पडलं.

"कोकुय," तो म्हणाला. तिकडे माणसाचं काही बिघडलं की तोंडून हाच शब्द निघतो. "एजे, रेडिएटर."

झालं होतं असं. थंडीत कागद कडक होतो आणि उलटताना माइकमध्ये कडकडतो. म्हणून कुबात पुढची पुस्तकंही आधीपासून खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवायचा, पानं मऊ व्हायची. डिसेंबरात पाचव्या आणि सातव्या भागाचा डिंक एकाच वेळी सुटला आणि पानांचे गठ्ठे जमिनीवर आले. दोघांनी मिळून ते क्रमांक बघून लावले. पण एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर या पानांचे गठ्ठे दोन होते, एक पाचव्याचा आणि एक सातव्याचा. दोन्हींत अकरावं प्रकरण, दोन्हींत शेकोटी. अदलाबदल झाली.

म्हणजे पाचव्या भागाच्या कार्डात काय गेलं होतं? आनारकुलने बोटांवर प्रकरणं मोजली. दहाव्यात लोहार मरतो. अकराव्यात तोच लोहार, तरणाबांड, शेकोटीपाशी मांडी घालून दूध पितो आणि पोरींकडे बघून हसतो. बाराव्यात त्याला पुरतात.

"तीन महिने झाले ती कार्डं जाऊन," ती म्हणाली. "आणि मी वाचलं, कुबात. माझ्या तोंडाने वाचलं. मेलेला माणूस दूध पितोय आणि मला काही वाटलं नाही?"

"मलाही नाही वाटलं."

"तुझं सोड. तुला कशाचं काही वाटत नाही."

"कुणीच फोन केला नाही ना पण, एजे," कुबात चाचरत म्हणाला. "म्हणजे कुणाच्या लक्षातच आलं नाही. गप बसू."

पण गप बसणं तिला जमेना. एकोणीस वर्षांत तिने मेलेल्या माणसाचं नाव एकदाही चुकीचं वाचलं नव्हतं. कुबातने मग कुठून कुठून लेखकाचा क्रमांक मिळवला. एसेनबाय त्या वेळी बागेत वाफे ओढत असावा, कारण फोनमध्ये कुदळीचा आवाज येत होता. तिने सगळं सांगितलं. कुदळ थांबली.

"बेकमुर्झा मेला?" लेखक म्हणाला. "कितव्यात?"

"पाचव्यात. तुम्हीच मारलात."

"थांबा थांबा. आठव्यात मग घोड्याला नाल कोण मारतो?"

"बेकमुर्झाचा भाचा. तुम्ही त्याचंही नाव बेकमुर्झाच ठेवलंय."

कुदळ बाजूला टाकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ताई, तुम्ही नऊच्या नऊ वाचलेत?"

"सातव्यात आहे. पुढचे दोन चाळलेत."

"मी नाही वाचलेले. लिहिले की मागे वळून बघत नाही. बघितलं तर पुढचा लिहवत नाही." त्याने खाकरून घसा साफ केला. "ते पाचव्यातलं, तुम्ही केलंत ते, वाचून दाखवता का जरा?"

तिने दहाव्याचा शेवट, शेकोटी, आणि बाराव्याची सुरुवात वाचून दाखवली. लेखक म्हणाला, "आहे तर माझंच." मग म्हणाला, "राहू द्या." मग लगेच, "नाही, दुरुस्त करा. लोक काय म्हणतील?" आणि ठेवता ठेवता, "तुम्हीच ठरवा बाई, मला काही सुचत नाहीये." विचारायला गेली तेव्हा तिच्यापाशी एक प्रश्न होता. फोन ठेवला तेव्हा चार झाले.

दुसऱ्या दिवशी ती जापार-अतांकडे गेली. अंधांच्या वसाहतीत तळमजल्यावर एक खोली, दाराशी पाण्याचा हौद, आत ब्रशाच्या केसांचा वास. म्हातारा अजून घरी बसून ब्रश बांधायचा. चिमूट केस, तारेचा वेढा, भोकात ओढणं. हात थांबत नव्हते.

"ये पोरी. कोण गेलं?"

"कुणी नाही, अता. म्हणजे गेला होता, तेच सांगायला आलेय." आणि तिने रेडिएटरपासून सगळं सांगून टाकलं. माफी मागितली. पाचवा भाग परत मुद्रित करू, सगळ्यांची कार्डं बदलून देऊ, म्हणाली.

जापार-अतांचे हात थांबले. "ती शेकोटी चुकीची आहे?"

"हो."

"पुरायच्या आधीच्या रात्री तो येऊन बसतो, दूध पितो, ते?"

"तो येऊन बसत नाही, अता. ते वेगळंच पुस्तक आहे."

"गप गं. मी ते सहा वेळा ऐकलंय. वसाहतीतल्या सगळ्यांनी ऐकलंय. शरीफाच्या नवऱ्याला गेल्या महिन्यात माती दिली, तर ती म्हणाली, त्या रात्री बाहेर दुधाचा वाडगा ठेवू का? आम्ही म्हटलं, ठेव." त्याने पुन्हा तार उचलली. "आम्हाला वाटलं, एवढे भाग तेच तेच लिहून शेवटी या माणसाला काहीतरी दिसलं."

आनारकुल पुढे सरकली. "म्हणजे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"न यायला काय झालं? हे बघ, जिना उतरताना मी पायऱ्या मोजत नाही. पाय मोजतात. मी मनात दुसरंच काही करत असतो. एखादी पायरी कमी निघाली की मग सगळा जीव पायात येतो. तुझे ते ड्रॅगन असेच उतरतो आम्ही. दगड सापडला, भाऊ फिरला, तळं आलं. मी इकडे ब्रश बांधत असतो. माणूस जे येणार ते आधीच ऐकून बसलेला असतो बाई. तू काय म्हणतेस ते ऐकत नसतो."

"मग मी वाचते कशाला?"

"ते मला काय विचारतेस? मी ब्रशवाला."

त्याने चहा ओतला. बोट पेल्याच्या काठाशी धरून, थेंब न सांडता. ती प्यायली आणि बाहेर पडली, ती आणखीच भंजाळून. चूक केली होती ती बरोबर निघाली होती. दुरुस्त करायला जावं तर कुणाच्या तरी दाराशी ठेवलेला वाडगा उचलून नेल्यासारखं. आणि म्हाताऱ्याचं ते एक वाक्य कानात घुसून बसलं होतं. आधीच ऐकून बसलेला असतो.

रविवारी चारला फोन वाजला.

"बरी आहेस ना?" ताशमातने विचारलं.

"बरी आहे."

"बरं, बरं. फार छान. थंडी कितपत आहे?"

"कमी झाली."

"बरं, बरं. मीरगुलचा फोन येतो ना?"

"येतो."

"फार छान. जर्दाळू कसा आहे?"

जर्दाळू खिडकीबाहेर होता, पांढऱ्या फुलांनी लगडलेला. तिला स्वतःलाही कळलं नाही ती असं का म्हणाली. "वादळात पडला. मुळासकट. भिंतीवर पडला, भिंतही गेली."

"बरं, बरं," ताशमात म्हणाला. "फार छान. गॅस भरून घेतलास?"

तिने खिडकीतून जर्दाळूकडे पाहिलं. तो जर्दाळू ताशमातने लावलेला होता, मीरगुल झाली त्या वर्षी. त्याच्या एका फांदीला मुलांनी दगड मारला तेव्हा हा माणूस शाळेत जाऊन भांडला होता.

पुढचा आठवडा तिने नाना तर्क केले. पिऊन बोलत असेल. शेजारी कुणी असेल. कुणी म्हणजे बाई. की मन उडालंय, आणि फोन म्हणजे नुसता हजेरीचा अंगठा? की विसरायला लागलाय, त्याच्या चुलत्यासारखा? कधी वाटायचं जाऊन झिंज्या उपटाव्यात, कधी वाटायचं डॉक्टरला गाठावं. कोणाच्या झिंज्या आणि कुठला डॉक्टर, ते ठरेना. सातव्या भागात तोलोमुशचा भाऊ दगा देत होता तेव्हा तिने इतक्या त्वेषाने वाचलं की कुबातला यंत्रावर आवाजाची सुई खाली आणावी लागली.

पुढच्या रविवारी ती काहीच बोलली नाही. फोन उचलला आणि गप्प बसली.

"बरी आहेस ना?" तो म्हणाला. थोडा थांबला. "बरं, बरं. फार छान. थंडी कितपत आहे?" पुन्हा तेवढंच थांबला. "बरं, बरं."

पाचही प्रश्न झाले. तिच्या शांततेला तो दर वेळी "फार छान" म्हणाला, आणि नेमका तेवढाच वेळ थांबला जेवढ्यात एक माणूस उत्तर देऊन संपवतो. एकोणीस वर्षं माइकसमोर काढलेल्या बाईला ती थांबण्याची लांबी कळली. असं थांबतो तो माणूस, ज्याला समोरचं ऐकू येत नाही पण वाचन मोडायचं नसतं. रेडिओवर कानातला फोन बंद पडला की ती स्वतः असंच करायची. पण हा माणूस असं कशाला करेल? तिचा आपल्याच तर्कावर विश्वास बसेना.

मंगळवारी दुपारी तिने कुबातचा फोन घेतला, चित्र दिसणारा. असा फोन ताशमात कधी करू द्यायचा नाही. म्हणायचा, नेट खातो. मुद्रणाच्या नोंदवहीतलं एक पान फाडून तिने मागच्या कोऱ्या बाजूला जाड पेनाने काहीतरी लिहिलं.

"एजे, मी बाहेर जाऊ?" कुबातने विचारलं.

"बस इथेच. मला धीर पाहिजे."

पडद्यावर ताशमात आला. पांढरी टोपी, भुवयांवर पीठ. केस कानाशी पार पांढरे झाले होते. पाच वर्षांनी बघत होती ती. तो दचकला, मग हसला. "अगं, तू? बरी आहेस ना?"

ती काही बोलली नाही. कागद उचलून धरला. *ऐकू येतं का?*

तो वाचत राहिला. तीन शब्दांना इतका वेळ लागत नाही. मागे कुठलंसं यंत्र धडधडत होतं. मग त्याने टोपी काढली आणि घाम पुसतात तसं टोपीनेच तोंड पुसलं.

"उजव्याने येतं थोडं," तो म्हणाला. "मोठ्याने बोललं की. फोनमध्ये नाही येत."

तिने दुसरी ओळ लिहिली. *कधीपासून?*

"चार वर्षं. यंत्रापाशी असतो ना. आधी शिटी वाजायची कानात, मग शिटीपण थांबली." तो मोठमोठ्याने बोलत होता. आता तिच्या लक्षात आलं की तो कित्येक वर्षं असाच मोठ्याने बोलत होता आणि ती समजत होती, बिचारा उत्साहाने बोलतो. "सांगितलं असतं तर तू बोलावून घेतलं असतंस. आणि इथे कळलं असतं तर काढून टाकलं असतं. म्हणून ते पाच प्रश्न. त्यांची उत्तरं मला माहीत होती. म्हटलं, तिचा आवाज नाही तर नाही, ती बोलतेय एवढं तर कळतं. फोन जरा थरथरतो गालाला."

तिला रडू आलं आणि राग आला, आणि दोन्हीपैकी आधी कुठलं करावं हे ठरेना. तिने पेन उचललं. *माझी शस्त्रक्रिया झाली दोन वर्षांपूर्वी. पोटाची. मी सांगितलं होतं.*

ताशमातने ते वाचलं. पुन्हा वाचलं. "मी काय म्हणालो?"

काय लिहावं? खरं लिहावं तर तो जन्मभर ते उगाळत बसणार. खोटं लिहावं तर तिची दोन वर्षं कुठे जाणार? त्या दोन वर्षांचा राग एका माणसावर होता, आणि तो माणूस नव्हताच तिथे. कागद संपत आला होता. तिने लिहिलं, *घरी या.*

"येतो," तो म्हणाला.

कुबात शेजारीच पाठ फिरवून उभा होता आणि बाहीने नाक पुसत होता.

पाचव्या भागाचं काय झालं ते सांगायला हवं. आनारकुलने खरी सोळा पानं पुन्हा मुद्रित केली आणि दुरुस्त कार्डं पाठवली. आठ दिवसांत अर्धी परत आली. वाचकांनी कळवलं, यात शेकोटीपाशी लोहार येत नाही, आम्हाला आमची द्या. ग्रंथालयाच्या संचालिकाबाईंनी बैठक घेतली. तासभर वाद झाला. एक तरुण वाचक म्हणाला, लेखकाचं तेच खरं. शरीफा उभी राहून म्हणाली, मग माझा वाडगा खोटा का? यावर संचालिकाबाईंनी चहा मागवला. शेवटी दोन्ही ठेवायचे ठरले, आणि आता तिथे पाचवे दोन आहेत. फोन येतो, "खरा कुठला?" पहिल्या दिवशी आनारकुल म्हणाली, नवा. दुसऱ्या दिवशी म्हणाली, जुना. हल्ली ती विचारते, "तुम्हाला कुठला पाहिजे?"

ताशमात जूनमध्ये आला. मीरगुल जलालाबादहून आली, जावयाने बकरं कापलं, ताटभर पुलाव झाला. त्या जेवणात सगळे त्याच्या उजव्या कानाशी इतके ओरडले की शेजारी भांडण समजून डोकावून गेले. मग तपासण्या, कागद, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला कानामागे लावायचं यंत्र. डॉक्टरीणबाईने ते बसवून दिलं आणि म्हणाली, घरी जाऊन लावा, शांत जागेत.

घरी त्याने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून यंत्र सुरू केलं. आनारकुल चुलीपाशी, अंग चोरून.

"हे काय घरघरतंय?" त्याने विचारलं.

"फ्रिज."

"हा आधीपासून असाच घरघरतो?"

"अठरा वर्षं."

त्याने उठून फ्रिजला हात लावून पाहिला. मग त्याने मान वळवली. "आणखी काहीतरी बोल."

तिला काही सुचेना. जन्मभर समोर ठेवलेलं वाचत आलेली बाई. शेवटी सवयीने तोंडातून निघालं, "ओश आणि परिसरात हवा कोरडी राहील. दुपारनंतर धुळीचा वारा."

ताशमातच्या कपाळाला आठ्या पडल्या. एक बोट यंत्रावर ठेवून तो नीट ऐकत होता. तिच्या तोंडाकडे नव्हे, तिच्या आणि त्याच्या मधे कुठेतरी बघत.

"तुझा आवाज असा नव्हता," तो म्हणाला.

"म्हणजे कसा?"

"असा जाड नव्हता. जरा बारीक होता. मी तोच ऐकत होतो ना इतकी वर्षं." तो गोंधळून हसला. "की यंत्रामुळे वाटतंय? की तू बदललीस? की मलाच नीट आठवत नाही?"

आनारकुलने विचार केला. खडे काढले तेव्हा घशात नळी घातली होती. त्यानंतर आवाज उतरला होता असं तिलाही एकदा वाटलं होतं. शिवाय वय. शिवाय नऊ ड्रॅगन. जुनी मुद्रणं काढून ताडून बघता आलं असतं, पण माइकमधला आवाज तरी कुठे घरातला असतो?

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी आतून ऐकते."

"मग परत बोल. हळू."

ती स्टूल ओढून त्याच्या समोर बसली आणि जे डोळ्यांसमोर दिसेल ते सांगायला लागली. टेबलावर दोन पेले आहेत, एकाचा कान तुटलाय. खिडकीत मांजर आहे. शेजारची दोरीवरचे कपडे काढतेय. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि मधेच हात वर करून म्हणायचा, "थांब. हा शब्द परत."